पाठीच्या कण्यातला मेद



मघाशी तुम्हा विद्यार्थिनींचं समूहनृत्य बघत होतो. एकीनेही खाली पाहिलं नाही, तरी सगळ्यांची पावलं एका ठेक्यावर पडत होती. पाऊल कुठे पडलंय हे न बघता कसं कळतं, एवढंच आज सांगतो. मी शरीररचनाशास्त्र शिकवतो. याचं उत्तर माझ्या टेबलावर असतं.

देहदान केलेल्या एका गृहस्थांच्या पाठीच्या कण्यातला मेरुरज्जू. लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. आडवा काप घेतला की मधोमध करडं फुलपाखरू दिसतं आणि भोवती लोण्यासारखा पांढरा भाग. तो पांढरेपणा मेदाचा. इथल्या चेतातंतूंभोवती मायलिन नावाचं आवरण थरावर थर गुंडाळलेलं असतं. पाणी वगळलं, तर त्याच्या वजनाचा ७० ते ८० टक्के भाग मेदच. ज्या कोलेस्टेरॉलच्या धास्तीने घरात तुपाचा डबा वरच्या फळीवर जातो, ते इथे भरपूर आहे आणि हवंच आहे. शिवाय गॅलॅक्टोसेरेब्रोसाइड आहे, सल्फाटाइड आहे, तेही मेदच. फुलपाखरात चेतापेशींची वस्ती, म्हणून तिथे गँग्लिओसाइड हा मेद जास्त. आता अतिपातळ कापावर लेसर फिरवून ठिपक्याठिपक्यातले रेणू मोजता येतात. सल्फाटाइडचा असा नकाशा काढला, की कुठलाही रंग न लावता फुलपाखराची कडा उमटते. मी तर बघतच राहतो!

मानेकडे जावं तसा पांढरा भाग वाढत जातो. पायांचे, धडाचे, हातांचे तंतू वाटेत येऊन मिळतात, नदीला ओढे मिळावेत तसे.

या मेदांची पहिली नीट ओळख करून दिली लंडनमध्ये स्थायिक झालेल्या थुडिकम या जर्मन डॉक्टरने. १८८४ साली त्याने मेंदूच्या रसायनशास्त्रावर ग्रंथ लिहिला. एका घटकाचं कोडं उलगडेना, म्हणून त्याला ग्रीक कथांमधल्या, कोडी घालणाऱ्या स्फिंक्सवरून स्फिंगोसिन असं नाव दिलं. समकालीन रसायनतज्ज्ञांनी त्याच्यावर टीकाच केली. तो काम करत राहिला.

आता पावलांकडे परत येऊ. मायलिन असलेल्या जाड तंतूतून संदेश सेकंदाला १०० मीटरहून जास्त वेगाने धावतो. मायलिन नसलेल्या बारीक तंतूतून जेमतेम एकदोन मीटर. तुमच्या पावलाची खबर मेरुरज्जूच्या मागच्या बाजूच्या पांढऱ्या पट्ट्यांतून वर जाते. बी-१२ जीवनसत्त्व फार कमी पडलं, तर मुख्यतः तिथलं मायलिन झडू लागतं. मग माणूस सकाळी तोंडावर पाणी मारायला डोळे मिटतो आणि बेसिनपाशी तोल जातो. चप्पल पायातून निसटते, त्याला पत्ता नसतो. हे नुसतं म्हातारपण म्हणून सोडून दिलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं. वेळीच कळलं तर इंजेक्शनांनी सुधारणा होते. उशीर झाला तर गेलेलं सगळं परत मिळत नाही.

आपल्याकडे अनेक घरं शाकाहारी आहेत आणि बी-१२ मुख्यतः मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच मिळतं. तेव्हा आज घरी गेलात की आजी-आजोबांना विचारा: पायाला मुंग्या येतात का, चप्पल निसटते का, डोळे मिटल्यावर तोल जातो का? हो म्हणाले, तर याच आठवड्यात डॉक्टरकडे न्या आणि बी-१२ तपासून घ्या.