किल्ली मिळाली, पाळ्या कोण लावणार?



गेल्या महिन्यात एका मंगळवारी माझी भाची बदलापूरहून घरी आली. मंगळवारी, कारण मोठ्या दुकानात काम करणाऱ्याला रविवार सुट्टीचा नसतोच. हातात एक लिफाफा होता. अंबरनाथमधल्या ज्या कपड्यांच्या स्टोअरमध्ये ती चार वर्षं फ्लोअरवर उभी आहे, तिथे तिला टीम लीडर करायचं ठरलं होतं. पगार 19,500 वरून 22,000. घरी आईनं देवापुढे पेढे ठेवलेले. ही मात्र माझ्यासमोर बसून म्हणाली, "मामा, घेऊ की नको ते सांग. शुक्रवारी सही करून द्यायची आहे."

तिच्यासारखी मुलंमुली विठ्ठलवाडी ते बदलापूर या पट्ट्यात आता घरोघरी आहेत. एके काळी अंबरनाथमध्ये चांगली नोकरी म्हटलं की विम्को काडेपेटीचा कारखाना किंवा ऑर्डनन्स फॅक्टरी हीच नावं तोंडावर यायची. आता बारावी झाली की पुष्कळजण दुकानाच्या फ्लोअरवर उभे राहतात आणि तीन-चार वर्षांत हा लिफाफा समोर येतो. म्हणून आज त्यांच्याशीच बोलतोय.

मी या धंद्यात सव्वीस वर्षं काढली. सुरुवात उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या एका कापडाच्या दुकानात. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजाजींनी उल्हासनगरची कोनशिला बसवली, तेव्हा फाळणीत सगळं गमावून आलेले सिंधी लोक इथं लष्कराच्या बराकींत राहत होते आणि मिळेल तिथं माल विकून पुन्हा उभे राहत होते. त्यांनी उभ्या केलेल्या बाजारात मी शिरलो तेव्हा नोकरांना हुद्दे नव्हते. 'जुना माणूस' एवढीच पदवी. शेठनं एक दिवस शटरची किल्ली हातात ठेवली, की समजायचं, आपली बढती झाली.

मला ती किल्ली सहाव्या वर्षी मिळाली. त्या रात्री ती मी उशाखाली घेऊन झोपलो. पुढे दिवाळीनंतरच्या मोजणीत सात तागे कमी भरले. गोदामात शेठचे पुतणे जायचे, हमाल जायचे, शिंपी जायचे. कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही, हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. पण किल्ली माझ्याकडे होती, म्हणून तुटीचे पैसे तीन महिने माझ्याच पगारातून वळते झाले.

मग मी दुसऱ्या दुकानात लागलो. तिथंही किल्ली होतीच. 26 जुलै 2005 च्या पावसात दुपारीच लोकल बंद पडल्या, वालधुनी नदी रस्त्यावर आली. शेठ मुंबईत अडकलेले, फोन लागेना. दुकानात आम्ही नऊजण, त्यांत चार मुली बदलापूर-वांगणीच्या. रात्र माळ्यावर काढायची ठरलं. सगळे भिजून कुडकुडत होते आणि समोर रॅकवर प्लास्टिकच्या पिशव्यांत नव्या चादरी. विकायचा माल कुणाच्या हुकमानं फोडायचा? थोडा वेळ हात पुढे होईना. मग मी बारा पिशव्या फोडल्या, आणि दर चादरीचा कोड नंबर बिलबुकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवला. दोन दिवसांनी शेठ आले. ते पान मी पुढे केलं. त्यांनी ते न वाचताच घडी करून खिशात टाकलं आणि म्हणाले, "साईं, आजपासून पोरापोरींच्या सुट्ट्या, पाळ्या, सगळं तूच लाव." मी खऱ्या अर्थानं सुपरवायझर झालो तो त्या दिवशी.

म्हणून भाचीला मी पगाराच्या आधी हेच विचारलं, "रोस्टर कोण लावणार? तू की तुझी मॅनेजर?" तिला माहीत नव्हतं. पत्रात टार्गेट होतं, श्रिंकेज होतं, म्हणजे कमी भरलेल्या मालाची जबाबदारी होती, रात्री कॅश टॅली करून शटर बंद करणं होतं. रोस्टरबद्दल शब्द नव्हता. तिच्या टीममध्ये वांगणीची एक मुलगी आहे. तिला आठवड्यातून चार दिवस बंद करायची पाळी येते. बदलापूरच्या लोकल बदलापूरलाच संपतात, पुढे जायला कर्जत किंवा खोपोलीचीच गाडी हवी. ती चुकली, की पोर तासभर अंबरनाथच्या फलाटावर बसते. टीम लीडर झाल्यावर भाचीला तिची पाळी बदलता येणार नसेल, तर त्या मुलीला रोज "मी काय करू, वरून आलंय" एवढंच सांगणं तिच्या वाट्याला येईल. काल एकाच डब्यात जेवणाऱ्यांसमोर हे वाक्य रोज म्हणणं फार जड जातं. अशा बढतीला मी सरळ नाही म्हणेन.

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि ती फारसं कुणी सांगत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार जादा तासांना दुप्पट दरानं पैसे मिळतात. पण देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या पदांवरची माणसं या कायद्यातून वगळलेली आहेत. अशा माणसांची यादी आस्थापनेनं आपल्या संकेतस्थळावर, आणि ते नसेल तर दुकानात ठळक जागी लावायची असते. तेव्हा बेधडक विचारावं, "माझं नाव त्या यादीत जाणार का?" नुसतं 'लीडर' म्हटल्यानं कुणी देखरेखीच्या पदावर जात नाही, वाद झालाच तर न्यायालय प्रत्यक्ष काम काय होतं ते बघतं. पण नाव यादीत गेलं, तर सेलच्या दिवसांतल्या बारा-बारा तासांचा जादा पैसा गेला असं धरूनच 2,500 रुपयांच्या वाढीचा हिशोब करावा.

त्या वाढीत आणखी एक खड्डा आहे. ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यात, पगाराची मर्यादा महिना 21,000 रुपये. भाची ती ओलांडणार. एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च, यातला जो काळ चालू असेल तो संपेपर्यंत वर्गणी कापली जाते, मग थांबते, आणि त्यामागून दवाखान्याचा हक्कही संपतो. तिच्या आईची साखरेची औषधं याच कार्डावर येतात. घरात आजारी माणूस असेल तर कंपनी वेगळा आरोग्य विमा देते का, त्यात आईवडील येतात का, हे सही करण्याआधी लेखी घ्यावं. असं विचारल्यानं कुणी बढती काढून घेत नाही. आणि घेतलीच, तर ती जागा कशी होती ते सहीआधीच कळलं.

भाचीनं हे तिन्ही प्रश्न लिफाफ्याच्या मागे पेन्सिलीनं लिहून नेले. विमा मिळतोय, त्यात आईही आहे. यादीत नाव जाणार, हे मॅनेजरनं स्पष्ट सांगितलं. रोस्टरवर दोन दिवस ताणाताणी झाली. शेवटी आठवड्याचा तक्ता भाचीनं करायचा आणि मॅनेजरनं फक्त सही करायची, असं मेलवर आलं. मग तिनं होकार कळवला.

काल रात्री फोनवर तिनं पहिला तक्ता वाचून दाखवला. शनिवार-रविवार बंद करायची पाळी स्वतःकडे घेतली आहे. वांगणीच्या मुलीला आठवडाभर सकाळ.