ऱ्हाईनपलीकडची वस्ती आणि फडातली कोपी

(बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



दसऱ्याचे सीमोल्लंघन महाराष्ट्रात इतरत्र आपट्याची पाने वाटण्यापुरते उरले असले, तरी बीड जिल्ह्यात ते आजही अक्षरशः घडते. दसरा-दिवाळी सरली की धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातील गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा एकेक 'कोयता' ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर किंवा थेट कर्नाटकात जातो. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, गावात म्हातारी माणसे आणि दारांना लागलेली कुलपे तेवढी मागे राहतात. हा क्रम पिढ्यानपिढ्या चालू आहे. आजोबांनी ज्या कारखान्याचा ऊस तोडला, त्याच कारखान्याचा ऊस नातू तोडतो आहे.

यातून एक साधा प्रश्न उभा राहतो. इतकी वर्षे, इतकी माणसे, ठराविक ठिकाणी जात असता तेथे त्यांची एखादी वस्ती, त्यांच्या नावाने ओळखला जाणारा एखादा मोहल्ला का निर्माण झाला नाही? पोटासाठी घर सोडणारी माणसे जगात सर्वत्र आहेत, आणि कित्येक शहरांत त्यांनी आपल्या वस्त्या वसविल्या आहेत. त्या कशा वसल्या आणि पुढे त्यांचे काय झाले, हे पाहिल्यावाचून या प्रश्नाचे उत्तर हाती लागणार नाही. त्यासाठी दोन वस्त्यांची उदाहरणे पुरेशी आहेत. एक फार दूरची, दुसरी फार जवळची.

दूरची वस्ती अमेरिकेतील ओहायो राज्यात, सिनसिनाटी या शहरात आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे जर्मन कष्टकरी, कारागीर आणि राजकीय निर्वासित हजारोंच्या संख्येने आले. शहराचा मध्यभाग आणि त्यांची वस्ती यांच्यामध्ये मायामी-ईरी कालवा वाहत असे. थट्टेने लोक त्या कालव्याला ऱ्हाईन म्हणू लागले आणि पलीकडच्या वस्तीला 'ओव्हर-द-ऱ्हाईन', म्हणजे ऱ्हाईनपलीकडची वस्ती, हे नाव पडले. १८४८ ची क्रांती जर्मनीत फसल्यावर तिचे सैनिक येथे आले. त्याच वर्षी येथे 'टर्नर' व्यायामसंघ स्थापन झाला. अशा प्रकारचा तो अमेरिकेतील पहिला संघ. व्यायामाबरोबर वाचन, वादविवाद आणि लोकसत्तेचा प्रचार हेही त्याचे काम होते. कम्युनिस्ट लीगमध्ये मार्क्सबरोबर काम केलेला आणि पुढे त्याच्याशी बिनसलेला ऑगस्ट विलिख १८५८ पासून येथील जर्मन कामगारांच्या वृत्तपत्राचा संपादक होता. गुलामगिरीविरुद्धच्या यादवी युद्धात या वस्तीतील जर्मनांची एक स्वतंत्र पलटण लढली.

हे सर्व सुखासुखी झाले नाही. १८५५ च्या निवडणुकीत परकीयद्वेष्ट्या पक्षाच्या जमावाने जर्मनांवर हल्ला चढविला, तेव्हा त्यांनी रस्त्यांत अडथळे उभारून आपली वस्ती राखली. वस्ती राखता आली, कारण तिच्यात संघटना होती. गायनमंडळे, व्यायामशाळा, वृत्तपत्र, शाळा, बिअर गाळणारे कारखाने आणि रविवारी सहकुटुंब बसण्याच्या बागा यांनी माणसे एकमेकांशी बांधलेली होती.

मग पहिले महायुद्ध आले. जर्मन हा शब्दच शत्रूवाचक ठरला. १९१८ मध्ये वस्तीतील ब्रेमेन स्ट्रीटचे नाव रिपब्लिक स्ट्रीट झाले. १९१९ मध्ये ओहायो राज्याने प्राथमिक शाळांतून जर्मन भाषा शिकविण्यास बंदी केली. १९२० मध्ये देशभर दारूबंदी लागू होऊन बिअरचे कारखाने बुडाले. त्याच सुमारास कालव्याचे पाणी काढून टाकण्यात आले, त्याच्या पात्रात भुयारी रेल्वेचे काम सुरू होऊन अर्धवट सुटले, आणि १९२८ मध्ये त्यावरून रस्ता झाला. ऱ्हाईनपलीकडची वस्ती राहिली, पण ऱ्हाईन राहिली नाही.

जर्मन कुटुंबे उपनगरांत पांगली. त्यांच्या जागी अ‍ॅपलाचियाच्या डोंगरांतील गरीब गोरे मजूर आले, आणि शहराच्या दुसऱ्या भागातून महामार्ग व पुनर्विकासासाठी उठविलेले कृष्णवर्णीय आले. १९८३ मध्ये या भागाला ऐतिहासिक वारशाचा राष्ट्रीय दर्जा मिळाला. एप्रिल २००१ मध्ये येथेच पोलिसाच्या गोळीने एक नि:शस्त्र कृष्णवर्णीय तरुण ठार झाला आणि शहरात दंगल उसळली. त्यानंतरच्या वर्षांत मोठे भांडवल आले, विटांच्या जुन्या इमारती झळाळून निघाल्या, उपाहारगृहे उघडली, आणि घरभाडे न परवडणारा गरीब मुकाट्याने दूर सरला.

आज तेथे जाणाऱ्या पाहुण्याला कोरीव चौकटींच्या इमारती, १८७८ चे भव्य संगीतगृह आणि जुना फिंडले बाजार दाखविला जातो. जर्मन बिअरचा इतिहास सांगितला जातो. पाहुणा खूश होऊन परततो. परंतु त्या भिंतींच्या आत कामगारांनी काय उभे केले होते आणि त्यांच्यामागून आलेल्या गरिबांचे काय झाले, हे विचारणारा पाहुणा विरळा. वारसा जपला गेला तो विटांचा. ज्यांनी तेथे संसार मांडले त्यांचा नव्हे.

हे अमेरिकेत घडले म्हणून नवल करण्याचे कारण नाही. हेच मुंबईत, मराठी माणसांच्या डोळ्यांदेखत घडले. ती दुसरी, जवळची वस्ती म्हणजे गिरणगाव.

१८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना केली आणि दोन वर्षांनी तिचे उत्पादन सुरू झाले. पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा या भागांत धुराडी उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर आणि घाटावरच्या इतर भागांतून माणसे आली. एका गावची माणसे एका खोलीत राहत. पाळी संपवून आलेला माणूस झोपे तेव्हा दुसरा कामावर जाई. परंतु त्या दाटीतूनच गावकऱ्यांची मंडळे, भजनी मंडळे, तालमी, खाणावळी, गणेशोत्सव आणि शेवटी कामगार संघटना जन्माला आल्या. १८८४ मध्ये महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि हजारो सह्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज साऱ्या देशाला जी हक्काची वाटते, त्या सुट्टीमागे या वस्तीतील माणसांचे एकत्र येणे आहे.

गिरणगाव म्हणजे समतेचे नंदनवन नव्हते. सुताचा धागा तुटला की तो ओठांनी ओढावा लागे, आणि या सबबीखाली अस्पृश्य कामगारांना चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यातून दूर ठेवले जाई. १९२८ च्या सहा महिन्यांच्या महासंपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. संपूर्ण गिरणी कामगार वर्गाचे पोट राखणाऱ्या खाणावळवाल्या बायकांची दखल तर कोणत्याच संघटनेने घेतली नव्हती. त्यांची संघटना उभी राहण्यास १९७५ साल उजाडावे लागले. प्रेमा पुरव यांनी त्या वर्षी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. हा संप इतका लांबला तो गावाच्या आधारावर. घरी चूल पेटेना तेव्हा कामगार कोकणात, घाटावर परतले आणि तेथील तुटपुंज्या शेतीने त्यांना जगविले. यात एक मर्म आहे. गिरणी मालकाने कामगाराला त्याच्या उमेदीच्या वर्षांपुरते विकत घेतले होते. त्याचे बालपण, आजारपण, बेकारी आणि म्हातारपण यांचा खर्च गाव सोसत होते. आज तेथे जाणाऱ्याला धुराड्याच्या सावलीत मॉल दिसतो, काचेचे मनोरे दिसतात. गिरणी कामगारांच्या घरांची सोडत २०१२ मध्ये सुरू झाली खरी, पण घराची वाट पाहत कित्येकांचे आयुष्य संपले.

असे असले तरी ऱ्हाईनपलीकडच्या वस्तीला आणि गिरणगावाला स्वतःची आठवण आहे. ती हिरावून घेता येते, विकता येते, परंतु ती होती हे नाकारता येत नाही. कारण ती माणसे तेथे राहिली, जमली, भांडली आणि त्यांनी आपल्या संस्था उभ्या केल्या. आता ऊसतोड कामगारांच्या प्रश्नाकडे परत येता येईल.

ऊसतोड कामगाराची वस्ती म्हणजे कोपी. चार बांबू, पाचट, वर ताडपत्री. पहाटेच्या अंधारात फड गाठायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची आणि रात्री परत येऊन स्वयंपाक करायचा. एक दिवस आजारपणात गेला तर खाडा लागतो. पट्टा पडला की कोपी मोडते आणि पुढच्या वर्षी तिथे कोणी राहत होते याची खूणही उरत नाही. पश्चिम महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा इतिहास आवर्जून सांगितला जातो. प्रवरानगरच्या कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५० चा, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांचे कर्तृत्व, हे सारे खरे आहे. पण कारखान्यांच्या आवारांतील पुतळ्यांत हातात कोयता घेतलेली बाई शोधून सापडणार नाही.

ही वस्ती उभी राहत नाही, कारण ती उभी राहू नये अशीच सारी व्यवस्था आहे. कामगार कारखान्याचा नाही, मुकादमाचा. मुकादम वाहतूकदाराचा. कारखान्याकडे हजेरीपट नाही, म्हणून जबाबदारीही नाही. १९७९ साली स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला, तो राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता. केजहून कराडला जाणारा मजूर त्याच्या कक्षेत आलाच नाही. गिरणी मालक निदान वर्षभराचा पगार देई. कारखाना अर्ध्या वर्षाचे श्रम घेतो आणि उरलेले अर्धे वर्ष, तसेच सारी म्हातारपणे, बीड जिल्ह्याच्या कोरडवाहू जमिनीवर टाकून मोकळा होतो. या हिशेबात बाई तर अर्धा कोयता. तिची मजुरी वेगळी लिहिली जात नाही. २०१९ मध्ये शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक बायकांची गर्भाशये काढलेली आढळली. ज्या कामात पाळीचे चार दिवसही खाड्यात मोजले जातात, तेथे शरीराचाच अवयव अडचणीचा ठरतो, याहून कठोर आरोपपत्र कोणते असणार?

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो. कोपीच्या जागी पक्की निवारे बांधली, तेथे शाळा आणि दवाखाना नेला, तर हे स्थलांतर कायमचे होईल. त्यापेक्षा गावातच पाणी आणि काम द्यावे. गावात पाणी आणि काम हवेच, त्याबद्दल दुमत नाही. परंतु त्या दिवसाची वाट पाहत असताना फडावर जन्मलेल्या मुलाने अक्षरओळखीवाचून मोठे व्हावे, हा कोणता न्याय? शिवाय हंगामापुरती साखरशाळा आणि गावातील हंगामी वसतिगृह या दोन्ही सोयी मुलाला आईबापांपासून किंवा शाळेपासून तोडूनच उभ्या राहतात. कामगाराला जायचे की राहायचे हे ठरविण्याचा अधिकार हवा. आज त्याला धड जाण्याचाही अधिकार नाही आणि धड राहण्याचाही नाही. उचलच त्याला नेते आणि उचलच परत आणते.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ आहे, मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहांची योजना आहे. त्यांचा लाभ पदरात पाडून घेणे हे कामच आहे. पण गिरणगाव सरकारी योजनेतून उभे राहिले नाही, ऱ्हाईनपलीकडची वस्तीही नाही. पहिले निवेदन, पहिली सभा, पहिले वृत्तपत्र कामगारांनी स्वतः काढले.

म्हणून या अभ्यासवर्गातून उठताना एकच छोटे काम बरोबर नेण्यासारखे आहे. येत्या सीमोल्लंघनापूर्वी प्रत्येक गावात एक वही उघडावी. कोण निघाले, कोणत्या कारखान्याला, कोणत्या मुकादमाबरोबर, उचल किती, बरोबर कोणती मुले आणि ती कोणत्या इयत्तेत, हे तिच्यात लिहावे. बाईचे नाव नवऱ्याच्या नावाखाली नव्हे, स्वतंत्र ओळीत लिहावे. पट्टा पडून माणसे परतली की हिशेब काय झाला, कोण आजारी पडले, कोण परत आलेच नाही, हेही त्याच वहीत नोंदवावे. त्या वहीच्या आधारे कारखान्याच्या दारात, तहसीलदाराच्या कचेरीत आणि न्यायालयात उभे राहता येईल. कोपी दरवर्षी मोडेल. वही मोडणार नाही. वस्तीची पहिली वीट तीच.