साताऱ्याच्या दरबारातील परका कारकून

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावर उभे राहण्याची आज्ञा झाली तेव्हा मी संकोचलो. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, शाळेत इतिहास शिकविण्यात जन्म घालविलेला मास्तर, संशोधक नव्हे. परंतु माझ्याकडून एक जुनी चूक घडली आहे. हरणाची गोष्ट मी वर्गात कित्येक वर्षे अर्धवट सांगितली. ती आज आपल्यापुढे पुरी करावी, असे मनात आहे.

गोष्ट बाळाजी विश्वनाथ भट यांची. ते मूळचे श्रीवर्धनचे. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या जाचामुळे त्यांना कोकण सोडावे लागले. घाटावर आले तेव्हा पदरी फौज नव्हती, पाठीशी कोणी आप्त सरदार नव्हता. लेखणी आणि हिशेबाची हातोटी एवढेच भांडवल. त्या बळावर त्यांनी महसुलाच्या कामात नाव मिळविले आणि सेनापती धनाजी जाधव यांचा विश्वास संपादन केला. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा राज्यात ताराबाईंचा एक आणि शाहूंचा एक असे दोन पक्ष पडले. धनाजी शाहूंना मिळाले. परंतु पुढल्याच वर्षी ते वारले आणि त्यांचे पुत्र चंद्रसेन सेनापती झाले. बाळाजींचा आश्रय तुटला.

आता ते हरीण. १७११ साली चंद्रसेन फौजेसह मुलूखगिरीस निघाले असता, बाळाजींच्या एका स्वाराने पाठलाग केलेल्या हरणावरून तंटा झाला, तलवारी उपसल्या गेल्या, आणि बाळाजींना जीव घेऊन पळावे लागले. मुलांना ही गोष्ट फार आवडे. मीही ती रंगवून सांगत असे. परंतु हरणापायी का कोणी सेनापती माणसाच्या जिवावर उठतो? खरे कारण असे, की महाराजांनी वसुलीतील सरकारचा हिस्सा पाहण्यासाठी बाळाजींना त्या फौजेबरोबर दिले होते. कालपर्यंत आपल्या वडिलांच्या पदरी असलेला कारकून आज राजाच्या वतीने आपला हिशेब तपासणार, हे चंद्रसेनांना सोसले नाही. वही तपासणारा माणूस कोणाला प्रिय असतो? शाळेची फीची वही सांभाळताना मलाही याचा थोडा अनुभव आला आहे.

ग्रँट डफने या पलायनाचा वृत्तांत दिला आहे. बाळाजी सासवडकडे धावले. पुरंदर किल्ला सचिवांच्या ताब्यात होता. त्यांच्या कारभाऱ्याने आत घेण्याचे नाकारले. पाठीवर स्वार, पुढे बंद दरवाजा. बरोबर दोन पुत्र. थोरला बाजीराव अवघा अकरा वर्षांच्या आसपासचा. पिलाजी जाधव आणि धुमाळ या दोघांनी मोठ्या शर्थीने त्यांना वाईजवळच्या पांडवगडावर पोहोचविले.

येथपर्यंत मी सांगत असे. यापुढचे सांगत नसे, आणि तेच महत्त्वाचे होते.

चंद्रसेनांनी महाराजांना निरोप धाडला, की बाळाजीस आमच्या हवाली करा, नाहीतर आम्ही आपली चाकरी सोडतो. त्या समयी महाराजांची स्थिती काय होती? खजिना रिता, राज्य दुभंगलेले, आणि राज्याचा सेनापती दुसऱ्या पक्षास जाऊन मिळण्याची धमकी देत आहे. एका कारकुनाच्या बदल्यात सेनापती टिकत असेल, तर सौदा स्वस्तच म्हणावयाचा. महाराजांनी तो केला नाही. हैबतराव निंबाळकरांना बोलावून त्यांनी चंद्रसेनांवर पाठविले. चंद्रसेन हरले, ताराबाईंच्या पक्षास मिळाले आणि पुढे निजामाकडे गेले.

महाराजांनी असे का केले असावे? माझी अल्प बुद्धी सांगते ती अशी. शाहू महाराज सतरा-अठरा वर्षे मोगलांच्या छावणीत कैदेत वाढले होते. दरबार म्हणजे काय, हे त्यांनी जवळून पाहिले होते. ज्याची स्वतःची फौज आहे त्याला जावयास दहा दारे उघडी. चंद्रसेनांनी पुढे तेच केले. बाळाजींना मात्र साताऱ्यावाचून दुसरे दार नव्हते. त्यांचे परकेपण हाच त्यांचा जामीन ठरला.

त्याच वर्षी महाराजांनी त्यांना सेनाकर्ते केले. संकटे मात्र सरली नाहीत. दमाजी थोराताने बेलभंडाऱ्याची शपथ देऊन त्यांना हिंगणगावी बोलाविले आणि मुलांसह कैद केले. शपथेची आठवण देताच तो म्हणाला, की बेल म्हणजे झाडाचा पाला आणि भंडारा म्हणजे आम्ही रोज खातो ती हळद! राखेचे तोबरे तोंडाला बांधण्याची धमकी झाली. महाराजांनी खंडणी भरून सर्वांना सोडविले. दुसऱ्यांदा, हे ध्यानात घ्यावे.

पुढे कान्होजी आंग्रे यांनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केले, तेव्हा त्या कामगिरीवर बाळाजींची योजना झाली. १७ नोव्हेंबर १७१३ रोजी मांजरी येथे त्यांना पेशवेपदाची वस्त्रे मिळाली. कान्होजींशी त्यांनी लढाई टाळून तह केला, पिंगळे सुटले आणि आंग्र्यांचे आरमार शाहूंच्या बाजूस आले. १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या, महाराजांच्या मातोश्री येसूबाई यांनाही मोगलांच्या कैदेतून सोडवून आणले. हे सर्व क्रमिक पुस्तकांत आहे. विस्तार करीत नाही.

२ एप्रिल १७२० रोजी सासवड येथे बाळाजी वारले. पेशवेपद कोणास द्यावे, याविषयी दरबारात कुजबुज सुरू झाली. मुलगा विशीच्याही आतला, अननुभवी, असे आक्षेप थोर थोर मंडळींनी घेतले. महाराजांनी ते ऐकून घेतले आणि पंधरा दिवसांच्या आत वस्त्रे बाजीरावांनाच दिली. पांडवगडावर बापाबरोबर पळत गेलेल्या त्याच मुलाला.