टायर कुणी निवडला?

मागच्या भागात आपण नकाशा वाचण्याबद्दल बोललो. आज विषय मोटरसायकलच्या शर्यतीचा आहे. सिग्नल्समधून निवृत्त झालेला, साठी ओलांडलेला माणूस मोटोजीपीवर काय बोलणार, असं कुणाला वाटलं तर त्यात चूक नाही. काही वर्षांपूर्वी मलाही तसंच वाटलं असतं.

भिलाईत आमच्या नेहरूनगरच्या बाजूला चहाचा एक ठेला आहे. शर्यतीच्या दिवशी माझा भाचा तिथे साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवतो आणि आठ-दहा जण जमतात. कॉलेजची पोरं असतात, शेजारचा पंक्चर काढणारा असतो, आणि भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमधून निवृत्त झालेले एक काका असतात. हे काका शर्यत बघायला येतच नाहीत, शर्यतीनंतरचं भांडण ऐकायला येतात. शर्यत पाऊण तासात संपते. भांडण दोन चहांपर्यंत चालतं, आणि ते निम्म्याहून जास्त टायरवर असतं.

या भांडणाला खरा रंग चढला २०२३ च्या सप्टेंबरात. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतात पहिल्यांदाच मोटोजीपी झाली. भाचा रेल्वेनं गेला, उन्हात भाजून परत आला. उकाडा असा होता की रविवारची शर्यत २४ फेऱ्यांऐवजी २१ फेऱ्यांची केली. मार्को बेझेक्की जिंकला. जगज्जेता पेक्को बान्याया पडला. होर्हे मार्टिन दुसरा आला, पण अंगातलं पाणी इतकं कमी झालं होतं की गाडीवरून उतरल्यावर त्याला उभं राहता येईना. त्या दिवसापासून आमच्या ठेल्यावर दोन पक्ष झाले, मार्टिनवाले आणि बान्यायावाले. भाचा मार्टिनवाला.

चार आठवड्यांनी ऑस्ट्रेलियातली फिलिप आयलंडची शर्यत आली. तारीख २१ ऑक्टोबर. रविवारी वादळी वारा आणि पाऊस येणार म्हणून मुख्य शर्यत शनिवारीच घेतली. आपल्याकडे सकाळची वेळ, दुर्गापूजेचे दिवस, ठेल्यावर गरम पोहे. मार्टिन सगळ्यांत पुढे उभा. आणि त्यानं मागच्या चाकाला सॉफ्ट टायर घेतला. त्याच्याशी टक्कर असलेल्यांनी मीडियम घेतला होता.

ज्यांना या खेळाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तेव्हा या शर्यतीत सगळ्यांना टायर एकाच कंपनीचे, म्हणजे मिशेलिनचे मिळत होते. पण रबराचं मिश्रण निवडायची मुभा असते. सॉफ्ट लवकर तापतो, रस्त्याला चिकटतो, पण झिजतोही लवकर. मीडियम त्या मानानं उशिरा साथ सोडतो. फिलिप आयलंडची एक फेरी ४.४४८ किलोमीटरची, अशा २७ फेऱ्या, म्हणजे साधारण १२० किलोमीटर. त्यातून तिथे डावी वळणं जास्त आणि लांबलचक. गाडी डाव्या कुशीवर बराच वेळ झोपलेली असते, त्यामुळे टायरची डावी बाजू भाजून निघते. आमचे रेल मिलवाले काका हे एका वाक्यात सांगतात: रबर असो की लोखंड, ताप किती आणि किती वेळ, एवढंच बघायचं असतं. तापलेले रूळ बघण्यात त्यांची नोकरी गेली, त्यामुळे त्यांचं मी ऐकतो.

मार्टिन सुटला तो सुटलाच. एका टप्प्यावर तीन सेकंदांहून जास्त पुढे होता. या खेळात तीन सेकंद म्हणजे पुढच्या गल्लीत पोचल्यासारखं आहे. भाच्यानं सगळ्यांचे चहाचे पैसे देऊन टाकले. मग मागचं चाक सरकायला लागलं. शेवटच्या फेरीत शिरतानाही मार्टिनच पहिला होता. त्या एका फेरीत योहान झार्को गेला, बान्याया गेला, दी जानान्तोनियो गेला, ब्रॅड बाइंडरही गेला. मार्टिन पाचवा. झार्कोचा मोटोजीपीतला तो पहिला विजय. बान्यायाची आघाडी १८ गुणांची होती ती २७ झाली.

मग सुरू झालं. कुणी म्हणालं, लोभ नडला. कुणी म्हणालं, टीमनं अडवायला हवं होतं. पंक्चरवाला म्हणाला, ‘‘टायर का क्या कसूर, टायर ने तो पहले ही बता दिया था कि मैं सॉफ्ट हूँ.’’ यावर सगळे हसले, भाचा सोडून. भाचा मला म्हणाला, ‘‘मामा, शर्यत २६ फेऱ्यांची असती तर हेच सगळे त्याला शहाणा म्हणाले असते.’’

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कारण ते खरं आहे. एक फेरी कमी असती तर तोच टायर, तोच माणूस, आणि ठेल्यावर सगळे त्याच्या धाडसाचे गोडवे गात बसले असते. मग निर्णय चांगला की वाईट हे शेवटच्या फेरीवरून ठरवायचं कसं?

माझं मत सांगतो. मार्टिनचा निर्णय चुकलाच होता, पण तो पाचवा आला म्हणून नाही. जिंकला असता तरी मी चूकच म्हटलं असतं. शर्यत शनिवारी आल्यामुळे छोटी स्प्रिंट शर्यत आधी झाली नाही, रविवार सकाळचा सराव मिळाला नाही. म्हणजे टायर २७ फेऱ्या कसा टिकेल याची माहिती नेहमीपेक्षा कमी होती. आणि जो सगळ्यांत पुढे उभा आहे, ज्याचा वेग चांगला आहे, त्याला जुगार खेळायची गरज काय? माहिती कमी आणि हातात आघाडी, अशा वेळी फौजेत आम्ही सुरक्षित रस्ता धरतो. पटलं नाही तर खुशाल भांडा. पण भांडायचं तर सुरुवातीच्या रेषेवर त्याच्यासमोर काय होतं, यावर भांडा. भाचा अजून भांडतो. त्याचं म्हणणं, १८ गुणांनी मागे असलेल्यानं सुरक्षित खेळून काय मिळवायचं. त्यातही दम आहे. त्या वर्षी अजिंक्यपद बान्यायाला मिळालं. पुढच्या, २०२४ च्या मोसमात बान्यायानं रविवारच्या ११ शर्यती जिंकल्या, मार्टिननं फक्त ३, आणि तरी मार्टिन ५०८ विरुद्ध ४९८ गुणांनी जगज्जेता झाला. त्यावर ठेल्यावर किती चहा झाले असतील याचा हिशेब ठेलेवाल्यालाच माहीत.

आणखी एक शर्यत सांगतो. २ मार्च २०२५, थायलंड, बुरीराम. मार्क मार्केझ आरामात पुढे होता. सातव्या फेरीत त्यानं वेग कमी केला आणि धाकट्या भावाला, ॲलेक्सला पुढे जाऊ दिलं. ठेल्यावर गलका झाला. भावासाठी सोडलं! गाडी बिघडली! म्हातारा झाला! खरं कारण पुढच्या टायरमधली हवा. तेव्हा नियम असा होता की पुढच्या टायरमधली हवा शर्यतीच्या ६० टक्के फेऱ्या तरी १.८ बारच्या खाली असता कामा नये, नाहीतर वेळेत १६ सेकंदांचा दंड. १.८ बार म्हणजे आपल्या पेट्रोल पंपाच्या भाषेत जेमतेम २६. पुढे एकटं धावलं की चाकाला गार वारा लागतो आणि दाब उतरतो. दुसऱ्याच्या मागे राहिलं की त्याच्या गाडीची गरम हवा अंगावर येते आणि दाब चढतो. मार्क भावाच्या मागे बसून हवा वाढवत होता. शेवटच्या थोड्या फेऱ्या उरल्यावर पुन्हा पुढे गेला आणि जिंकला. पडद्यावर दिसत होती माघार. कारण चाकाच्या आत होतं, ते आम्हाला दिसणार कसं?

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मेजर होतो, डोंगराळ भागात आमची तुकडी होती. डाक पोचवायला डिस्पॅच रायडर असत, बुलेटवर. जबलपूरच्या डेअर डेव्हिल्सच्या कसरती तुम्ही परेडमध्ये बघितल्या असतील. ही मुलं त्याच कोअरची, पण त्यांच्या वाट्याला टाळ्या नसत, चिखल असे. त्यांच्यात सांगली भागातला एक नाईक होता. चौकीचा रस्ता खाली डांबरी, वर नुसता चिखल. चिखलात मागच्या टायरमधली थोडी हवा सोडली की पकड मिळते, हे प्रत्येक रायडरला ठाऊक असतं. त्यानं सोडली, वर गेला, डाक दिली. परत येताना डांबरी उतारावर पाऊस लागला. कमी हवेच्या चाकानं वळणावर दगा दिला. गळ्याजवळचं हाड मोडलं, गाडीचा पुढचा भाग गेला.

चौकशी झाली. कागद माझ्यासमोर आले. मी लिहिलं: टायरमधली हवा जाणूनबुजून कमी ठेवली, निष्काळजीपणा. एक ओळ. त्या ओळीमुळे त्याची हवालदारकी मागे पडली.

दोनेक वर्षांनी बदलीच्या वेळी मी जुन्या फायली सोपवत होतो. त्यात वरच्या चौकीचं एक मागणीपत्र सापडलं. हवा भरायचा हातपंप बिघडला आहे, दुसरा द्यावा. तारीख त्या अपघाताच्या जवळजवळ दोन महिने आधीची. माझ्याच कार्यालयात पडून राहिलेलं. म्हणजे त्या मुलानं वर पोचून पुन्हा हवा भरायची ठरवली असेल तरी भरणार कशानं? आणि संध्याकाळच्या आत परत ये, हा हुकूम माझा होता. तो चौकीवर रात्रभर थांबू शकला नसता.

चौकशीत मी त्याला एवढंच विचारलं होतं, हवा कमी केलीस का? तो म्हणाला, होय साहेब. मी पुढचं विचारलं नाही. पुन्हा का भरली नाहीस, हा साधा प्रश्न.

मी वर पत्र लिहिलं, मागणीपत्राची नक्कल जोडली. उत्तर आलं तोवर तो पेन्शनीवर गेला होता. पत्र लिहिलं म्हणून मी सुटलो असं मी मानत नाही.

फिलिप आयलंडच्या त्या शनिवारी भाच्याचं वाक्य ऐकून मी घरी आलो आणि जुन्या साथीदारांना फोन लावत लावत त्या नाईकाचा नंबर मिळवला. आता तो गावाकडे ऊस लावतो, नातवंडं आहेत. आधी त्यानं आवाजच ओळखला नाही. मी पंपाचं सांगितलं, चूक माझी होती म्हणालो. तो जरा थांबला, मग म्हणाला, ‘‘साहेब, पंपाचं मला तेव्हाच माहीत होतं की. तुम्ही विचाराल असं वाटलं होतं.’’ मग त्यानं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, इकडे पाऊस किती झाला ते सांगितलं. हवालदारकीचा विषय त्यानं काढला नाही. मीही काढू शकलो नाही.

ठेल्यावर मी अजून जातो. भाच्यानं परवा स्वतःच्या गाडीचा मागचा टायर दाखवला, पार गोटा झालेला. मी रागवायला तोंड उघडलं, आणि आधी विचारलं, बदलला का नाहीस? म्हणाला, ‘‘मामा, या महिन्यात परीक्षेची फी भरली.’’ टायर आम्ही दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याकडून बसवून घेतला.

पुढच्या भागात वायरलेसच्या दिवसांबद्दल बोलू. जय हिंद.