जुनी नोंद खोडायची नाही

(शाळेच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, ‘तू नेमकं काय काम करतेस ते पंधरा मिनिटांत सांग, पण आम्हाला कळेल असं.’ यातली दुसरी अट अवघड आहे. वीस वर्षं झाली, तरी माझ्या सासूबाई शेजारणींना ‘ती कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगतात. तरी प्रयत्न करते. सुरुवात आपल्या शाळेच्या ऑफिसपासून करते, कारण माझ्या कामाचा पहिला धडा मला तिथेच मिळाला होता. तो धडा होता हे मात्र फार उशिरा कळलं.

मी आठवीत असताना माझ्या जन्मतारखेतली चूक लक्षात आली. जनरल रजिस्टरमध्ये १२ च्या जागी २१ पडलं होतं. बाबा ऑफिसात आले. दोन आकडे तर उलटे करायचे, पाच मिनिटांचं काम, असं त्यांना वाटलं. आपले क्लार्क सर शांतपणे म्हणाले, “हे मलाच काय, हेडमास्तरांनाही परस्पर बदलता येत नाही.” अर्ज करा, जन्माचा दाखला जोडा, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी आणा. बाबांनी जिल्हा परिषदेत तीन खेपा घातल्या. मंजुरी आल्यावर सरांनी जुन्या तारखेवर एक सरळ रेघ मारली, वर लाल शाईने नवी तारीख लिहिली, शेजारी आदेशाचा क्रमांक आणि दिनांक, खाली हेडमास्तरांची सही. जुनी तारीख रेघेखालून स्वच्छ वाचता येत होती. बाबा घरी येऊन धुसफुसले, “दोन आकड्यांसाठी तीन खेपा!”

आज मला पगार मिळतो तो जवळपास याच कामाचा.

डेटाबेस म्हणजे रजिस्टर. बँकेचं, दवाखान्याचं, रेल्वेच्या आरक्षणाचं. हल्ली ही रजिस्टरं कंपन्या स्वतःच्या इमारतीत ठेवत नाहीत, मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांवर भाड्याने ठेवतात. त्याला क्लाउड म्हणतात. एक यंत्र बंद पडलं तर काम अडू नये म्हणून अनेक यंत्रं मिळून एकच रजिस्टर सांभाळतात, तो झाला क्लस्टर. अॅमेझॉनच्या ऑरोरा या डेटाबेसमध्ये माहितीच्या सहा प्रती तीन वेगवेगळ्या ठिकाणी असतात. ऐकायला फार सुरक्षित वाटतं. पण प्रती यंत्राच्या बिघाडापासून वाचवतात, माणसाच्या चुकीपासून नाही. चुकीचा हुकूम दिला तर तो तितक्याच इमानाने सगळ्या प्रतींत उतरतो.

माझं लक्ष रजिस्टरातल्या नोंदींपेक्षा कपाटावर असतं. किल्ली कोणाकडे आहे, खिडकी उघडी आहे का, बॅकअप किती दिवस ठेवायचा, अख्खं कपाट एका आज्ञेत पुसता येईल का, अशा शेकडो सेटिंग्ज असतात. पूर्वी त्या बदलायला सर्व्हर रूममध्ये जावं लागायचं. आता घरात चहा पिताना दोन क्लिकमध्ये बदलतात. सोय तीच आणि धोकाही तोच.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती मी फारशी कुठे सांगितलेली नाही.

काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते, तिथे रुग्णांचे तपासणी अहवाल साठवलेले असत. एका शुक्रवारी संध्याकाळी परदेशातल्या सहकाऱ्याला डेटाबेसशी जोडता येईना. कोणत्या पत्त्यांवरून आत येऊ द्यायचं याची एक यादी असते. त्याचा पत्ता शोधत बसण्याऐवजी मी यादीत ‘०.०.०.०/०’ लिहिलं. याचा अर्थ, जगातला कोणताही पत्ता. दहा मिनिटांनी काढून टाकू म्हटलं. तेवढ्यात घरून फोन आला, मुलीला ताप भरला होता. मी बॅग उचलली आणि निघाले.

सोमवारी सकाळपर्यंत दार उघडं होतं. पासवर्डचं कुलूप होतं म्हणून निभावलं. पण लॉगमध्ये अनोळखी पत्त्यांवरून झालेले हजारो फसलेले प्रयत्न दिसत होते. इंटरनेटवर अशी उघडी दारं शोधणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात. २०१७ च्या सुरुवातीला मोंगोडीबीचे हजारो डेटाबेस पासवर्डशिवाय उघडे राहिले म्हणून पुसले गेले आणि मालकांकडे खंडणीच्या चिठ्ठ्या आल्या, ते असंच झालं होतं.

दार कोणी उघडलं, हे पाहायला साहेबांनी नोंद काढली. क्लाउडमध्ये प्रत्येक बदलाची नोंद आपोआप होते. नोंदीत नाव होतं ‘अॅडमिन’. ते लॉगिन आम्ही पाच जण वापरत होतो आणि ऑफिसचा नेट पत्ता सगळ्यांचा एकच. शुक्रवारी उशिरापर्यंत थांबलेला होता एक नवा मुलगा, नोकरीला चार महिने झालेले. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे गेल्या. तो म्हणत होता, मी नाही केलं. त्याच्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं.

आणि मी गप्प बसले. एक दिवस आणि एक रात्र. बढती तोंडावर होती, घराचा हप्ता चालू होता. त्या रात्री मला झोप लागली नाही. मंगळवारी सकाळी साहेबांकडे जाऊन सांगितलं. ते माझ्यावर ओरडले नाहीत, ते जास्त लागलं. बढती त्या वर्षी मिळाली नाही. त्या मुलाची माफी मी सगळ्यांसमोर मागितली. त्याने मोठ्या मनाने ती घेतली, पण तो दिवस त्याचा गेला तो गेलाच.

नोंद होती, पण तिच्यात माणूस नव्हता. म्हणून एक निरपराध मुलगा अडकला आणि मला लपायला जागा मिळाली.

त्यानंतर आम्ही जे नियम बसवले, तेच मी आजही जाईन तिथे बसवते. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, पासवर्डबरोबर मोबाइलवरचा कोडही लागणार. बदल थेट करायचा नाही. आधी फाइलमध्ये लिहायचा, का करतोय ते लिहायचं, दुसऱ्याने वाचून मंजूर केल्यावरच तो लागू होणार. कोणी परस्पर हात घातलाच, तर लिहिलेलं आणि प्रत्यक्षातलं यांतला फरक रोज तपासला जातो. दार जगाला उघडलं, किंवा क्लस्टर पुसण्यापासूनचं संरक्षण कोणी काढलं, तर काही मिनिटांत दोघांचे फोन वाजतात. आणि बदलांची नोंद वेगळ्या खात्यात जाते, तिथून ती आम्हालाही पुसता येत नाही. ती तशी साठवावी लागते, कारण अॅमेझॉनच्या क्लाउडट्रेलमध्ये काही न करता फक्त ९० दिवसांचा इतिहास दिसतो. आपल्याकडे सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात.

एवढं करूनही चूक होते, म्हणून बॅकअप परत आणून बघण्याची तालीमही करतो. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत डेटाबेसच्या प्रतींची जोडणी दुरुस्त करताना एका थकलेल्या इंजिनिअरने चुकून मुख्य सर्व्हरवरची सुमारे ३०० जीबी माहिती पुसली. बॅकअपचे पाच उपाय कागदावर होते, त्यांतला एकही धड चालत नव्हता. सहा तासांपूर्वी कोणीतरी हाताने घेतलेली प्रत होती म्हणून बाकीचं वाचलं. कंपनीने काही न लपवता सगळी हकिकत जाहीर केली. आमच्या क्षेत्रात ती आजही शिकवली जाते.

तुमच्यापैकी कोणी पतसंस्थेत आहे, कोणाचा दवाखाना आहे, कोणी शाळेत शिक्षक झालंय. सॉफ्टवेअरवाला आला की त्याला चारच प्रश्न विचारा. आमच्या प्रत्येक माणसाचं लॉगिन वेगळं आहे का? सेटिंग कोणी, केव्हा, का बदललं ते दिसतं का? ती नोंद पुसता येते का? आणि बॅकअप परत आणून शेवटचा कधी पाहिला? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, हेही त्याला हसत हसत ऐकवा.

आपल्या सगळ्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर खाली बारीक अक्षरात छापलेलं आहे, की दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याशिवाय कोणीही त्यातल्या नोंदीत बदल करू नये. मी तो दाखला कॉलेजांत, पासपोर्टच्या ऑफिसात, कुठे कुठे दिला, पण ती ओळ वाचली परवा, या भाषणाची तयारी करताना.

क्लार्क सर आज पहिल्या रांगेत बसलेत. सर, नवीन मुलं माझ्याकडे कामाला येतात, तेव्हा पहिल्या दिवशी मी त्यांना तुमच्या लाल शाईची गोष्ट सांगते. बाबांच्या तीन खेपांचा तुमच्यावरचा राग मी आज सगळ्यांसमक्ष मागे घेते. कृपया याची नोंद घ्यावी.