जे, के, एल



आत्ता पाहिलीत ती फिल्म मी प्रीमियरवर जोडली. तुम्ही पाठवलेलं चित्रण सहा तासांचं, फिल्म बारा मिनिटांची. नुसत्या माउसवर महिना गेला असता. जे दाबलं की चित्र मागे, के थांबतं, एल पुढे. एल पुन्हा दाबलं की वेग वाढतो. टायपिंगच्या क्लासात उजवा हात याच बटणांवर बसवला होता. तेव्हा किती कंटाळलो होतो!

आपले पीटीचे सर आज नाहीत. जुन्या कॅसेटवर ते चार सेकंदच आहेत, म्हणजे शंभर फ्रेम. के दाबून धरून एल टिचकवत एकेक फ्रेम पाहिली. शेवटच्या वीसेक फ्रेम अंधुक आहेत, पण तिथेच ते वळून हसतात. कापायला हात उचलेना. तेवढं अंधुक चालवून घ्या.