पान उलटलं तरच वीज

पावसाळ्यात लाइट जाणं ही रत्नागिरी जिल्ह्याला बातमी नव्हे. पण 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा दापोली-मंडणगडकडच्या कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. अशा वेळी मोबाइल दुसऱ्या दिवशीच मान टाकतो. भरलेला ई-रीडर मात्र, म्हणजे किंडलसारखं पुस्तक वाचायचं यंत्र, बरेच दिवस तग धरतो. दिवसाउजेडी पडवीत बसून वाचावं. त्याला हे कसं जमतं आणि कधी जमत नाही, ते आज सांगतो.

मोबाइलचा पडदा पेटलेला असतो म्हणून दिसतो. ई-रीडरच्या पडद्याची जातच वेगळी. त्यात केसाच्या जाडीएवढ्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत द्रवात तरंगणारे काळे आणि पांढरे कण, एकमेकांविरुद्ध विद्युतभार असलेले. विजेचा हलका झटका दिला की हवे ते कण वर येतात आणि मग तिथेच बसून राहतात. वीज काढून घेतली तरी हलत नाहीत. म्हणजे खर्च काय तो पान उलटताना. एकच पान तासभर वाचा, नाहीतर वाचता वाचता झोपी जा, पडद्याला काही लागत नाही. यंत्र झोपलं तरी पडद्यावर चित्र दिसतं, ते याचमुळे. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधनातून 1997 मध्ये असे पडदे बनवणारी ई इंक ही कंपनी निघाली. 2004 मध्ये जपानात सोनीनं या पडद्याचा लिब्रिए हा ई-रीडर आणला, 2007 मध्ये किंडल आलं.

मग ई-रीडरच्या खोक्यावर बॅटरीचे ‘दहा आठवडे’ लिहिलेले असतील, तर ते खरे का? खरे, पण खालची बारीक अक्षरं वाचा. रोज अर्धा तास वाचन, वायफाय बंद, यंत्रातल्या दिव्याचा उजेड बेताचा. गुणाकार केला की उरतात 35 तास. रोज तीन तास वाचणाऱ्याची बॅटरी बाराव्या दिवशी संपणार. ही लबाडी नव्हे, पण आठवडे मोजण्यात सोय विकणाऱ्याची आहे. आपण तास मोजावेत.

आणि पडदा फारशी वीज खात नाही, तर ती जाते कुठे? मुख्यतः वायफायकडे आणि पडद्याच्या दिव्यांकडे. लाइट गेली की घरचा राउटर बंद पडतो, आणि यंत्र बिचारं न मिळणारं जाळं हुडकत बसतं. म्हणून एअरप्लेन मोड लावा. दिवसा दिवा अगदी कमी करा. एकदम शंभर पुस्तकं भरलीत, तर यंत्र प्रत्येकातल्या शब्दांची सूची करत राहतं. बॅटरी अचानक उतरायला लागली आणि कारण सापडत नसेल, तर पुष्कळदा हेच असतं. हे काम चार्जर लावलेला असताना उरकू द्या.

बॅटरी लिथियमची असते आणि तिला उष्णता सोसत नाही. मे महिन्यात बंद गाडीत ई-रीडर ठेवू नका. महिनोन्‌महिने वापरणार नसाल, तर निम्मी भरून ठेवा. पूर्ण उतरलेली तशीच पडली, तर पुन्हा उठेल याची खात्री नाही. आपल्याकडच्या दमट हवेत चार्जिंगचं तोंड कोरडं आहे ना, हे पाहूनच वायर लावा.

किंडलवर मराठी पुस्तकं 2016 पासून मिळतात. वादळाचा इशारा ऐकलात की आधी हवी ती पुस्तकं उतरवून घ्या आणि मग बॅटरी भरा, कारण मोबाइलचा टॉवर बंद पडल्यावर भरलेल्या बॅटरीनंही नवं पुस्तक यायचं नाही.